मल्या: दगडाला चिकटून राहणारा नदीमासा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सह्याद्रीत उगम पावणाऱ्या नद्यांच्या वरच्या भागात, गुडघाभर खळाळत्या पाण्यात एखादा गोटा उलटला की त्याच्या आडून बोटभर लांबीचा तपकिरी मासा सुळकन पुढच्या दगडामागे जातो. बहुतेक वेळा तो मल्या असतो. नदीकाठी राहणारे, शाळेच्या सहलीला गेलेले, मासे पाळणारे आणि नदीचे काम करणारे लोक त्याच्याबद्दल जे विचारतात त्याची ही उत्तरे. या सगळ्यांच्या मुळाशी दगड आहे. मल्याचे तोंड, पोट, पंख, अन्न आणि लपण हे सगळे दगडाशी जुळलेले असते, त्यामुळे बोलणे फिरून फिरून दगडावर येईल.

मल्या म्हणजे नेमका कोणता मासा?

शास्त्रीय नाव गारा मुल्या. रोहू, कटला, मरळ या नावांच्या यादीत मरळ वेगळ्या घराण्यातली. रोहू आणि कटला मात्र मल्याचे भाऊबंद, म्हणजे सिप्रिनिडी कुळातले. याच कुळातल्या लहान नदीमाशांना इंग्रजी बोलणारे मिनो म्हणतात. मराठीत त्यांना एकच एक शब्द नाही, कारण आपल्याकडे प्रत्येकाला स्वतंत्र नाव आहे. मल्या, मळ्या, मल्ल्या असे उच्चार गावागणिक बदलतात.

साधारण ८ ते १२ सेंमी लांबीचे मासे जास्त दिसतात. मोठा मल्या १७ सेंमीपर्यंत जातो.

शास्त्रीय नावात मराठी शब्द कसा आला?

विल्यम सायक्स हा मुंबई लष्करातला अधिकारी १८२४ ते १८३१ या काळात मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करत होता. त्याने भीमा आणि तिला मिळणाऱ्या नद्यांतले मासे जमवले, मासेमाऱ्यांकडून नावे विचारून घेतली आणि तीच नावे लॅटिनच्या पंक्तीला बसवली. १८३९ मध्ये त्याने या माशांची थोडक्यात वर्णने छापली, १८४१ मध्ये चित्रांसह सविस्तर. मुल्या, खुद्री, कोलुस, नुक्ता, फुलुंगी ही नावे आजही जगभरच्या मत्स्यशास्त्रात चालतात. उच्चार इंग्रजी कानाने टिपलेले आहेत, तरी शब्द नदीकाठचे आहेत.

सायक्सने मल्याला युरोपातल्या काँड्रोस्टोमा या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, घातले होते. नंतर तो गारा प्रजातीत गेला. ही प्रजाती फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश निसर्गअभ्यासकाने १८२२ मध्ये मांडली आणि तिचा विस्तार आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंत आहे.

ओळखायचा कसा? दगडाला चिकटणारा प्रत्येक मासा मल्याच का?

नाही, आणि इथेच सर्वाधिक चुका होतात. मासा पाठीवर उलटा करून हनुवटी पाहिल्याशिवाय खात्री देऊ नका.

मल्याच्या खालच्या ओठामागे, हनुवटीवर, एक गोलसर मांसल चकती असते. मधला भाग गुळगुळीत आणि घट्टा पडल्यासारखा. मागची कड मोकळी आणि बारीक दाणेदार. तोंड खालच्या बाजूला, आडवे. मिशांच्या दोन जोड्या, त्याही आखूड. पोट चपटे, पाठ थोडी कमानदार. छातीचे पंख विमानाच्या पंखांसारखे आडवे पसरलेले. अंगावर खवले असतात. कुशीच्या मधल्या रेषेवर मोजले तर साधारण ३२ ते ३४ भरतात. कल्ल्याच्या फटीच्या वरच्या टोकामागे एक गडद ठिपका आणि कुशीवरून शेपटीकडे जाणारा काळपट पट्टा दिसतो. पट्ट्यावर मात्र फार विसंबू नका. फिकट वाळूवर हा मासा फिकट होतो, काळ्या कातळावर काळा.

चुकून मल्या समजले जाणारे तीन गट आहेत. ग्लिप्टोथोरॅक्स हा छोटा शिंगाळ्याच्या घराण्यातला मासा: त्याला खवले नसतात, मिशा चार जोड्या, आणि चिकटण्यासाठी छातीवर कातडीच्या सुरकुत्यांची पट्टी असते, हनुवटीवर चकती नसते. दगडाखाली राहणाऱ्या मुऱ्या लांबट, सापासारख्या वळवळतात आणि त्यांच्या तोंडाभोवती तीन जोड्या मिशा असतात. तिसरा, पॅरासायलोऱ्हिंकस, हा घाटमाथ्याच्या अगदी वरच्या ओढ्यांतला छोटा मासा; बाहेरून मल्याच्या पिल्लासारखा दिसतो, पण त्याच्या हनुवटीवर पूर्ण चकती नसते. चारपाच सेंमीचा मासा असेल तर भिंग वापरा.

चकती कशी काम करते?

तीन गोष्टी एकाच वेळी घडतात. चकती दगडावर टेकली की मधला भाग किंचित वर उचलला जातो आणि खाली दाब कमी होतो, हे शोषण. कडेचे बारीक दाणे दगडाच्या खरबरीत पृष्ठभागात अडकतात, हे घर्षण. आणि वाहते पाणी आडव्या पसरलेल्या पंखांवर दाबून माशाला खाली रेटते. म्हणूनच मल्या नेहमी प्रवाहाकडे तोंड करून बसतो. उलटा बसला तर पाणी त्याच्या पोटाखाली शिरून त्याला उचलेल.

चौथी गोष्ट माशाची नाही, पाण्याची आहे. दगडाला लागून असलेल्या पातळ थरात प्रवाह फार मंद असतो. वरून पाहणाऱ्याला पाणी उसळताना दिसते; चपट्या अंगाचा मासा त्या मंद थराच्या जवळ बसलेला असतो. शेवाळाच्या लांब जटा किंवा गाळाचा थर दगडावर चढला की चकती टेकायला जागा राहत नाही. गाळ मल्याला सगळ्यात आधी इथे नडतो, अन्नाचा प्रश्न त्याच्याही नंतरचा.

तो खातो काय?

दगडावरची साय. पाय घसरतो ती बुळबुळीत तपकिरी-हिरवी पापुद्र्यासारखी साय म्हणजे डायाटम नावाचे एकपेशीय शेवाळ, निळे-हिरवे जिवाणू, कुजका कचरा आणि त्यात राहणारे सूक्ष्म जीव. मल्या खालच्या जबड्याच्या टणक धारेने ती खरवडतो. जबड्यावर दात नसतात. या कुळातल्या सगळ्यांसारखे त्याचे दात घशात असतात आणि जठर नसतेच, अन्न थेट आतड्यात उतरते. असे अन्न पचायला वेळ लागतो, म्हणून आतडे घड्याळाच्या स्प्रिंगसारखे वेटोळे घातलेले आणि शरीराच्या कित्येक पट लांब असते.

खरवडलेल्या जागा उघड्या डोळ्यांना दिसतात. सायीने माखलेल्या दगडावर आखूड, फिकट, एकमेकांशेजारी पडलेले ओरखडे दिसले तर मासे जवळपास आहेत. मासा दिसला नाही तरी ही खूण पुरते.

नदीच्या कोणत्या भागात राहतो?

नदी म्हणजे एकसारखे पाणी नव्हे. खळाळ, संथ पट्टा, डोह, पुन्हा खळाळ अशी तिची साखळी असते. मल्याचे पोट खळाळात भरते आणि जीव डोहामुळे वाचतो. त्याला दोन्ही लागतात, आणि एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर लागतात.

खळाळात त्याला हवे असतात ६ ते २५ सेंमी व्यासाचे गोटे, एकमेकांवर सैल पडलेले, खाली पोकळी असलेले. मोठे मासे मोठ्या धोंड्यांच्या बाजूला, प्रवाहाच्या आडोशाला बसतात आणि तिथून सायीवर चरायला बाहेर पडतात. पिल्ले काठाजवळच्या घोट्याएवढ्या पाण्यात, बारीक खड्यांवर असतात. ही शेवटची गोष्ट लोक विसरतात: काठावरची ती उथळ, क्षुल्लक दिसणारी पट्टी बुजवली की पिल्लांची जागा जाते.

ऊनही लागते. दाट सावलीत दगडावर साय कमी धरते, पूर्ण उघड्यावर पाणी तापते. अर्धे ऊन, अर्धी सावली असलेल्या ओढ्यात, म्हणजे काठावर जांभूळ, करंज, उंबर, वाळुंज असलेल्या ठिकाणी, हे गणित जमते.

नदीखोऱ्यांच्या हिशेबाने पाहिले तर कृष्णा, गोदावरी, कावेरी या पूर्ववाहिन्यांत आणि पश्चिमेकडे उतरणाऱ्या नद्यांतही तो आहे. दक्षिण भारताच्या द्वीपकल्पात सर्वाधिक पसरलेल्या नदीमाशांपैकी हा एक.

उन्हाळ्यात ओढा आटतो तेव्हा?

डोहात जातो. कातळातले रांजणखळगे, पुलाच्या खांबामागचे खड्डे, झाडाच्या मुळांखालची कपार, जिथे मेअखेर पाणी टिकते तिथे वरखाली पसरलेले मासे गोळा होतात. एका ओढ्यात असे दोनतीनच डोह असतील तर पुढच्या वर्षीची सगळी वीण त्या दोनतीन डोहांवर अवलंबून असते. एप्रिल-मेमध्ये पंप लावून डोह उपसणे किंवा त्यात विष टाकणे यामुळे किती नुकसान होते ते यावरून लक्षात येईल. पावसाळ्यात तेच विष वाहून पातळ होते. उन्हाळ्यात ते तिथेच राहते आणि मासेही तिथेच असतात.

वीण कधी होते? चढणीच्या माशांत मल्या असतो का?

वीण पावसाळ्यात. मृगाचे पाणी ओढ्याला आले, गढूळ झाले, तापमान उतरले की डोहातले मासे प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने वर निघतात. कोकणात या हंगामाला वलगण म्हणतात, घाटावर चढणीचे मासे. या झुंडींत अनेक जातींचे मासे असतात आणि मल्याही असतो. तो उड्या मारणाऱ्यांपैकी नाही. दगड धरत, थांबत, पुन्हा सरकत वर जातो. विणीच्या काळात मोठ्या माशांच्या थोबाडावर बारीक खरखरीत पुटकुळ्या येतात. तो आजार नाही.

चढणीच्या माशांच्या पोटात अंडी असतात. पहिल्या दोन-तीन पुरांत ओढ्याच्या तोंडाशी आडवे जाळे किंवा सापळा पूर्ण रुंदीला लावला तर वर एकही मासा पोचत नाही. अर्धी रुंदी मोकळी सोडा. जुने मासेमार असे करायचे आणि त्यांना पुढच्या वर्षीही मासे मिळायचे.

तो खरेच धबधबा चढतो?

मोठा धबधबा नाही. पण ओल्या, शेवाळलेल्या कातळावरून पाण्याची पातळ धार वाहत असेल तर गारा प्रजातीचे मासे चकती आणि पंखांच्या आधाराने थोडी चढण पार करतात. अट दोन: पृष्ठभाग ओला हवा आणि उतार सलग हवा. सिमेंटच्या बंधाऱ्याला बहुधा उभी, गुळगुळीत भिंत आणि वर आडवी, पुढे आलेली कड असते. ती कड आली की चढण संपली, भिंत दोन फुटांचीच असली तरी.

पाय चाटणारे ‘डॉक्टर फिश’ हेच का?

नाही. तो गारा रुफा, पश्चिम आशियातला, तुर्कस्तानच्या बाजूचा. प्रजाती एक, जात वेगळी. ओढ्यात पाय सोडून बसलात तर मल्याही येऊन पायाला तोंड लावतो, कारण त्याला पाय म्हणजे साय धरलेला आणखी एक दगड.

मल्या पाहायचा असेल तर?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पाणी नितळ असते आणि प्रवाह टिकलेला असतो. सकाळी नऊ ते अकरा, ऊन पाठीशी घेऊन, पण आपली सावली पाण्यावर पडणार नाही असे बसा. पोलराइज्ड चष्मा असेल तर पाण्यावरची चकाकी जाते. नसेल तर पारदर्शक तळाचा प्लॅस्टिकचा डबा पाण्यावर दोन बोटे दाबून त्यातून पाहा. दहा मिनिटे हलू नका. पहिली पाच मिनिटे काहीच दिसत नाही, मग एकेक दगड ‘हलायला’ लागतो.

दगड उलटलाच तर तो होता तसाच, त्याच खड्ड्यात, तीच बाजू खाली करून ठेवा. खालच्या बाजूला किड्यांच्या अळ्या आणि अंडी असतात. ती उन्हात आली की तासाभरात मरतात.

फोटोसाठी पकडला तर काय काळजी घ्यायची?

हात ओले करा, आणि त्यावर सनस्क्रीन, डास पळवणारे मलम किंवा साबण नको. चिकटलेला मासा वर ओढू नका, चकतीची कड फाटते. शेपटीकडून हलके पुढे सरकवा, तो स्वतःच सुटतो. ओढ्याचेच पाणी भरलेल्या सपाट काचेच्या छोट्या पेटीत एक मासा, दोन मिनिटे, दोन फोटो: एक कुशीचा, एक खालून हनुवटीचा. जिथे धरला तिथेच, संथ कडेला सोडा.

एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. या कुळातल्या माशाची कातडी खरवडली गेली की त्यातून पाण्यात धोक्याचा एक रासायनिक इशारा सुटतो आणि आजूबाजूचे त्याच जातीचे मासे लपून बसतात. ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्ये युरोपीय मिनोवर हे प्रथम दाखवले. एक मासा रगडला गेला तर तो खळाळ काही काळ ओस पडल्यासारखा दिसतो. ‘इथे आता मासेच नाहीत’ असा निष्कर्ष काढण्यापूर्वी हे आठवा.

आमच्या गावची नदी मल्याला योग्य आहे का, हे मोजता येईल?

येईल, आणि खर्च फारसा नाही. चार मोजमापे पुरतात.

पहिले, प्रवाह. खळाळात १० मीटरची सरळ पट्टी दोरीने आखा. वरच्या टोकाला संत्रे किंवा लिंबू सोडा आणि खालच्या टोकाला यायला लागलेले सेकंद मोजा. पाच वेळा करून सरासरी घ्या. २० सेकंद लागले तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला अर्धा मीटर. पूर्ण खोलीचा सरासरी वेग काढायला ०.८५ ने गुणा, म्हणजे साधारण ०.४३. हलका चेंडू वापरला तर वारा त्याला ढकलतो आणि आकडा खोटा येतो. संत्रे बुडत-तरंगत जाते म्हणून ते बरे.

दुसरे, दगड किती रुतले आहेत. पट्टीत आडवेतिडवे चालत, पायाच्या अंगठ्याला लागेल तो गोटा उचला, न निवडता. असे २० गोटे. प्रत्येकावर गाळात रुतलेल्या भागाची रेघ दिसते, कारण वर साय असते आणि खाली नसते. रुतलेला भाग पाव किंवा त्याहून कमी असेल तर खळाळ चांगला. निम्म्याच्या पुढे गेला तर गाळ येतो आहे. पाऊण रुतले असतील तर लहान माशांना खाली पोकळी उरलेलीच नाही. ‘चांगला दिसेल’ तो गोटा उचलायचा मोह होतो. तो टाळला नाही तर मोजणी वाया जाते.

तिसरे, तापमान. पाऱ्याचा नको, स्पिरिटचा किंवा डिजिटल. सावलीत, पाण्यातच धरून वाचा.

चौथे, विरघळलेला ऑक्सिजन. साधे रासायनिक किट चालते. समुद्रसपाटीला २० अंशांना पाण्यात लिटरमागे साधारण ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २५ ला ८.३, ३० ला ७.६. घाटमाथ्यावर, ६०० मीटर उंचीला, हे आकडे सात टक्क्यांच्या आसपास कमी धरा. खळाळात वाचन या कमाल मर्यादेच्या जवळ यायला हवे. ५ च्या खाली गेले की खळाळातल्या माशांची दमछाक सुरू होते.

वेळ सर्वात महत्त्वाची. दुपारी शेवाळ ऑक्सिजन सोडत असते, त्यामुळे घाण झालेली नदीही दुपारी दोनला ‘उत्तम’ ठरते. पहाटे, सूर्योदयापूर्वी मोजा. खरा आकडा तो.

शेवाळ जास्त झाले तर मल्याला जास्त अन्न मिळेल ना?

नाही. सांडपाणी आणि खतांचा निचरा आला की पातळ सायीऐवजी दोऱ्यांसारखे लांब हिरवे शेवाळ वाढते. ते त्याला खरवडता येत नाही, त्यात गाळ अडकतो, आणि चकती टेकत नाही. रात्री तेच शेवाळ आणि त्याखालचे जिवाणू ऑक्सिजन ओढून घेतात. मल्याला लागते ती साय नखाने खरडल्यावर जेमतेम दिसणारी.

बंधाऱ्याने पाणी वाढते. मग माशांचे वाईट कसे होते?

पाणी वाढते, खळाळ बुडतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळा ओसरल्यावर बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, टाकतात आणि पुढच्या पावसापूर्वी काढतात. मधल्या सातआठ महिन्यांत वरच्या बाजूला लांबलचक संथ पाणी उभे राहते. गाळ तळाला बसतो, गोटे रुततात, साय मरते. तिलापियासारख्या संथ पाण्याच्या माशाला हे मानवते. मल्या त्या पट्ट्यातून हटतो. खालच्या बाजूला पाझराखेरीज काही उरत नाही.

शेतीला पाणी हवे, याबद्दल वाद नाही. करता येण्याजोग्या गोष्टी तीन. बरगे एकदम न टाकता टप्प्याटप्प्याने टाकावेत, म्हणजे खालचे मासे डोहापर्यंत पोचतात. तळाशी सतत वाहणारी एक धार ठेवावी. आणि पावसाळ्यापूर्वी बरगे वेळेवर काढावेत. जूनमध्ये चढणीचा मासा येऊन भिंतीशी थडकला आणि बरगे जुलैत निघाले तर ती वीण हुकली. नवा बंधारा होत असेल तर एका बाजूला दगडगोटे बसवलेला सलग, कमी उताराचा ओला चर ठेवायला सांगा. पंचवीस-तीस फूट लांबी, सिमेंटात अर्धे बुडवलेले खरबरीत दगड, मध्ये विसाव्याचे खड्डे. लहान माशांना तेवढे पुरते.

नाला खोलीकरण आणि नदीकाठ सुशोभीकरणाचे काय?

जेसीबीने पात्र एकसारखे खोल-रुंद केले की खळाळ आणि डोह दोन्ही एकाच दिवसात जातात. उरतो तो कालवा. काठाला उभी दगडी भिंत घातली की पिल्लांची उथळ पट्टी संपते. काम टाळता येत नसेल तर निदान हे मागा: वरचा गोट्यांचा थर बाजूला काढून ठेवायचा आणि काम झाल्यावर परत पात्रात पसरायचा, मूळचे डोह बुजवायचे नाहीत, काम जून ते सप्टेंबरमध्ये करायचे नाही. वाळू-गोटे उपसून विकण्याला मात्र ‘सुधारून केले तर चालेल’ असे उत्तर नाही. माशाचे घरच ट्रकमध्ये भरले जाते.

मल्या दुर्मिळ आहे का?

जीवजातींना किती धोका आहे हे सांगणाऱ्या जागतिक लाल यादीत तो ‘कमी चिंतेच्या’ गटात आहे, कारण विस्तार मोठा आहे. याचा अर्थ तुमच्या ओढ्यातला मल्या सुरक्षित आहे असा नाही. वरच्या आणि खालच्या बाजूला बंधारे असलेल्या ओढ्यातून तो एकदा गेला तर परत यायला वाट नसते. आपल्याकडे डोहांना देव असतो: महाडजवळच्या वाळण कोंडीत किंवा वाड्याजवळ तिळसेश्वराला मोठ्या माशांना कुणी हात लावत नाही. खळाळाला असा राखणदार क्वचितच मिळतो.

खातात का?

हो, सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत. आतडे लांब आणि शेवाळ-मातीने भरलेले असते, म्हणून पोट लगेच साफ करावे लागते, नाहीतर कालवणाला चिखलाचा वास येतो. शहराच्या खालच्या बाजूच्या नदीतले खाऊ नका. सायीबरोबर सांडपाण्यातले जड धातूही त्याच्या पोटात जातात.

घरच्या टाकीत पाळता येईल?

येतो, पण वाटीएवढ्या टाकीत नाही, आणि ‘काच साफ करणारा मासा’ म्हणून आणला तर निराशा होईल. तो साय खातो, चिवट हिरवे ठिपके नाही.

चारपाच माशांना १२० × ४५ × ४५ सेंमीची टाकी, म्हणजे साधारण २४० लिटर. पंप तासाला २,४०० लिटर फिरवणारा, म्हणजे टाकीच्या दहापट. पाणी एका टोकाकडून दुसरीकडे वाहील असा लावा. दोनच मासे ठेवले तर मोठा लहानाला हाकलत राहतो. चारपाचांत ती दादागिरी विभागली जाते. तापमान २० ते २६ अंश. झाकण घट्ट, वायरच्या भोकांसह, कारण ओल्या काचेवरून तो रात्री वर येतो आणि सकाळी फरशीवर सापडतो.

नळाच्या पाण्यातले क्लोरीन काढायला सोडियम थायोसल्फेटचे खडे. एक भाग क्लोरीनला सात भाग हा ढोबळ हिशेब: लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर १०० लिटरला साधारण १.४ ग्रॅम. नवी टाकी चारसहा आठवडे चालवून, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्यावरच मासे सोडा.

अन्नासाठी दगडांची पाळी लावा. नदीतले नको, बाजारातले साधे, धुतलेले गोटे गच्चीवरच्या पाण्याच्या टबात उन्हात १० ते १५ दिवस ठेवले की साय धरते. एक संच टाकीत, एक टबात. जोडीला स्पिरुलिनाची वडी, उकडलेला दुधी, काकडी. उरलेले चार तासांत काढा.

बिघडते ते बहुधा दोन ठिकाणी. पहिले, उपासमार: नवा मासा कोरडे दाणे ओळखत नाही, दोन आठवड्यांत पोट आत जाते आणि डोके मोठे दिसू लागते. तिथून तो क्वचित सावरतो. म्हणून साय धरलेले दगड आधी, मासा नंतर. दुसरे, वीज जाणे. प्रवाह थांबला की ऑक्सिजन उतरतो आणि हे मासे सर्वांत आधी पृष्ठभागाला येतात. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप घरात असू द्या.

अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानातून एकही मासा उचलणे गुन्हा आहे.

पाळलेले मल्ये नंतर नदीत सोडले तर चांगलेच ना?

सोडू नका. दुकानातल्या इतर माशांकडून लागलेले परजीवी त्यांच्याबरोबर जातात. गप्पी किंवा गॅम्बुसिया डासांसाठी ओढ्यात सोडणेही नको. त्या काठच्या उथळ पाण्यात राहतात आणि तिथे असलेली देशी माशांची अंडी-पिल्ले खातात.

ओढ्यात अचानक मासे मेलेले दिसले तर?

आधी पाहा, मग हलवा. पहाटे मेले, तोंडे उघडी, मोठे मासे आधी गेले आणि लहान पृष्ठभागाला धापा टाकताहेत: ऑक्सिजन संपला, वर कुठेतरी सांडपाणी किंवा मळी सोडली गेली. सगळ्या आकाराचे एकदम मेले आणि सोबत खेकडे, कोळंबी, पाणकिडेही मेले: कीटकनाशकाचा संशय. कल्ले पांढुरके पडलेले आणि पाण्याला पोहण्याच्या तलावासारखा वास: ब्लीचिंग पावडर. मासेमारीसाठी पाण्यात विष किंवा स्फोटके वापरायला १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून बंदी आहे.

वरच्या बाजूला चालत जा आणि जिवंत मासे जिथे दिसू लागतात ती जागा नकाशावर खूण करा. घाणीचा उगम तिच्या लगेच खाली असतो. तिथले, मेलेल्या पट्ट्यातले आणि त्याच्या खालचे असे तीन नमुने घ्या. काचेची बाटली, काठोकाठ भरलेली, बूच पाण्याखालीच लावलेले, बर्फात ठेवलेली. नुकतेच मेलेले किंवा मरू घातलेले पाचसहा मासे अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून गोठवा. बाटली आणि पाकिटावर तारीख, वेळ, जागा पेन्सिलीने लिहा, शाईने लिहिलेले ओलाव्याने पुसते. प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि मत्स्यव्यवसाय विभाग दोघांना त्याच दिवशी लेखी कळवा. दुसऱ्या दिवशी पाणी वाहून गेलेले असते आणि मासे घारींनी, बगळ्यांनी उचललेले असतात.